अर्ध्या हंगामाचा तक्ता आणि मिसळीचं बिल

आधीच सांगून टाकतो: आमच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडायचा, ते मैदानात जसे खेळतील तसे गुण) मी दहापैकी नववा आहे. पुढचं सगळं रडगाणं वाटलं तर वाटू दे, पण गणित तपासून बघा.

डिसेंबरअखेर नाशिकमध्ये थंडीने दात वाजायला लागतात, तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 38 फेऱ्यांचा हंगाम निम्म्यावर येतो. आमची लीग समोरासमोरची. दर फेरीत एकाशी गाठ. ज्याच्या संघाचे गुण जास्त, तो जिंकला आणि तक्त्यात त्याला 3 गुण. नऊ जणांशी दोन-दोनदा भिडलं की 18 सामने होतात. मग येणाऱ्या रविवारी गंगापूर रोडला काळ्या रश्शाची मिसळ. बिल तळाच्या दोघांनी भरायचं.

यंदा तक्ता बघताना गंमत लक्षात आली. संघाने कमावलेल्या एकूण गुणांत मी चौथा, पण 18 पैकी विजय फक्त 6. जो माझ्यासमोर यायचा, त्याचे खेळाडू नेमके त्याच आठवड्यात पेटायचे. दहा जणांत तुमचे गुण दुसऱ्या क्रमांकाचे असले, तरी गाठ पहिल्याशीच पडण्याची शक्यता नऊत एक असते. पडली की हाती भोपळा. उलट खालून दुसरा असलेला तळाच्या गड्याशी भिडला, तर तक्त्यातले पूर्ण 3 गुण खिशात घालून जातो.

हे नशीब मोजता येतं. दर फेरीत प्रत्येकाला उरलेल्या नऊही जणांशी कागदावर खेळवायचं. त्या आठवड्यात दुसरा आलेल्याला 8 विजय, तिसऱ्याला 7, शेवटच्याला शून्य. 18 फेऱ्यांत प्रत्येकाचे असे 162 सामने होतात. त्यांतल्या विजयांना 9 ने भागलं की वेळापत्रकाची मेहेरबानी वजा करून किती विजय मिळायला हवे होते, ते कळतं.

आता थोडं कडू. समजा आम्ही दहाही जण अगदी तुल्यबळ आहोत आणि प्रत्येक सामना म्हणजे निव्वळ छापा-काटा. प्रत्येकाला सरासरी 9 विजय मिळतील. पण 18 नाणेफेकींत या आकड्याचं प्रमाण विचलन, म्हणजे नेहमीचा चढउतार, सुमारे 2.1 विजयांचा असतो. त्यामुळे दहा जणांत जो सगळ्यात नशीबवान, त्याचे विजय 12 च्या आसपास जातात आणि सगळ्यात कमनशिबी 6 च्या आसपास घुटमळतो. आमच्यातला अव्वल 12 विजयांवर आहे आणि त्याने स्वतःला प्रशिक्षक म्हणवून घ्यायला सुरुवात केली आहे. तक्त्यातला एवढा फरक निव्वळ नाण्यानेही पडला असता.

मग एकूण गुण तरी खरे मानायचे का? अर्धेच. स्टॅनफर्डचे संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांनी 1956 साली सगळ्यांना चक्रावून टाकलं. तीन किंवा जास्त गोष्टींचा एकत्र अंदाज करायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतःची सरासरी हा सर्वोत्तम अंदाज नसतो. सगळे आकडे एका सामाईक मध्याकडे थोडे खेचले, तर एकूण चूक कमी होते. 1977 मध्ये ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी हे बेसबॉलवर दाखवलं. 1970 च्या हंगामात प्रत्येकी 45 संधी मिळालेले 18 फलंदाज त्यांनी घेतले. रॉबर्टो क्लेमेंटेचा यशाचा दर तोवर 40 टक्के होता; उरलेल्या हंगामात तो 34.6 वर आला. थर्मन मन्सन 17.8 वर रखडला होता, तो 31.6 वर गेला. मध्याकडे खेचलेल्या अंदाजांची एकूण वर्गचूक (चुकांच्या वर्गांची बेरीज) साध्या अंदाजांच्या सुमारे साडेतीनपट कमी निघाली.

आमच्या लीगलाही हेच लागू. अव्वलची आघाडी दुसऱ्या अर्ध्यात बहुधा आटेल, आणि एकूण गुणांतलं माझं चौथं स्थानही मला वाटतं तेवढं भक्कम नसेल. (हे वाक्य लिहिताना त्रास झाला.)

एक गोष्ट मात्र नाण्यासारखी नाही. आमच्या बहुतेकांच्या संघात गोलांचा रतीब घालणारा आघाडीवीर एर्लिंग हालांड आहे आणि कर्णधारपदही त्यालाच. आघाडीवीराच्या गोलचे 4 गुण, कर्णधार असला की दुप्पट, म्हणजे 8. पण ते समोरच्यालाही मिळतात, त्यामुळे दोघांतला फरक जागचा हलत नाही. फरक पडतो तो न जुळणाऱ्या खेळाडूंमुळे. म्हणून पुढे असलेल्याने इतरांसारखाच संघ ठेवावा, चढउतार त्याच्या फायद्याचा नाही. मागे पडलेल्याला चढउतारच हवा असतो, मग अपेक्षित गुण थोडे कमी झाले तरी चालेल.

लंडनला शनिवारी दुपारी साडेबाराला पहिला सामना असला, की हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. संघ त्याआधी 90 मिनिटं गोठतो, म्हणजे साडेचारनंतर बदल करता येत नाही. या शनिवारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी मी हालांडच्या दंडावरची पट्टी काढून दुसऱ्याला बांधणार आहे. आमचे 'प्रशिक्षक' हालांडलाच ठेवतील, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.