लाल मेक्सिकन गव्हाचा दाणा शरबती कसा झाला

१९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून तब्बल १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. त्यातला मुख्य वाण लर्मा रोहो. बुटका, खताला दाद देणारा, वाऱ्यापावसात आडवा न पडणारा. पण दाणा लाल. टपोऱ्या, पिवळसर गव्हाची पोळी खाणाऱ्यांना तो रुचेना, बाजारातही भाव कमी मिळे. हरितक्रांतीच्या इतिहासात उत्पादनाचे आकडे असतात, रंगाची ही अडचण क्वचितच सापडते. ती सुटली नसती, तर बुटका गहू इतक्या झपाट्यानं घरोघरी पोचला असता असं मला वाटत नाही.

या रंगाचं गणित स्वीडनचे वनस्पती-पैदासकार निल्सन-एले यांनी १९०९ च्या सुमारासच मांडलं होतं. लाल आणि पांढऱ्या गव्हाच्या काही संकरांत त्यांना दुसऱ्या पिढीत ६४ झाडांमागे एकच पांढऱ्या दाण्याचं मिळालं. म्हणजे रंगामागे तीन स्वतंत्र जनुकं. एक जरी प्रभावी असलं तरी दाणा लाल, तिन्ही अप्रभावी असतील तरच पांढरा किंवा शरबती, म्हणजे फिकट पिवळसर. शिवाय रंग असतो बीजावरणात, आणि ते मातृझाडाचं. त्यामुळे संकर केल्यावर मिळालेला दाणा आईसारखाच दिसतो, पैदासकाराला पुढच्या पिढीची वाट पाहावी लागते. नुसत्या नजरेनं ठरत नसेल, तर दाणे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवतात: लाल दाणा गडद तपकिरी होतो, पांढरा गवती पिवळा.

मेक्सिकोहून आलेल्या, अजून स्थिर न झालेल्या पिढ्यांतून भारतीय पैदासकारांनी शरबती दाण्याची झाडं वेचली. लुधियानाची 'कल्याण' आणि दिल्लीची 'सोना' ही एकाच संकरातली निवड निघाली, म्हणून वाणाचं नाव कल्याण सोना. त्याच सुमारास सोनालिका हा आणखी एक शरबती वाण आला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सोनोरा ६४ या लाल दाण्याच्या मेक्सिकन वाणावर गॅमा किरणांचा मारा करून शरबती सोनोरा काढला, तो १९६७ मध्ये. आपल्याकडे घराघरात दळला जाणारा लोकवन हा सोनालिकाचाच वंशज. तो घडला गुजरातेत, सणोसऱ्याच्या लोकभारतीत.

पण लाल रंग म्हणजे नुसतं रंगद्रव्य नव्हे. ज्या जनुकांमुळे तो येतो, त्यांच्यामुळेच दाण्याची सुप्तावस्थाही, म्हणजे पिकल्यावर ओल मिळूनही कोंब न फुटण्याचा काळही, लांबते. पांढरा गहू काढणीच्या तोंडावर भिजला, तर ओंबीतच कोंब फुटतात. मग पिठातल्या स्टार्चचं विघटन होऊन पोळी चिकट होते. पावसाळी हवेत गहू कापणाऱ्या उत्तर युरोपात लाल दाणा टिकला, तो यामुळेही. आपल्याकडे काढणी मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात होते, म्हणून शरबती दाणा निभावून गेला. अवकाळीनं हा हिशेब बिघडवला आहे. म्हणून रंगाशी संबंध नसलेली सुप्तावस्थेची जनुकं पांढऱ्या गव्हात आणणं, हे काम माझ्या मते आता उत्पादनवाढीइतकंच निकडीचं आहे.