रेशमी चादरी आणि अभ्रे: झीज कशी ओळखावी, कशी थांबवावी

रेशमी कापड कुठे विरलंय यावरून ते का विरलं हे बहुतेक वेळा कळतं. म्हणून झीज दिसली की आधी कापड उजेडासमोर धरून बघा. अभ्र्याच्या मधोमध, डोकं टेकतं तिथे विणीची जाळी दिसत असेल, तर घाम, केसांचं तेल आणि घर्षण. चादरीला पायाकडे लव उठली असेल, तर भेगाळलेल्या टाचा किंवा नखं. शिवणीलगत धागे सरकून फटी पडल्या असतील, तर अभ्रा उशीला घट्ट होतोय किंवा चादर जाड गादीखाली फार ताणून खोचली जातेय. खिडकीकडचीच बाजू पिवळी पडली असेल, तर ऊन. आणि सगळ्या कापडाचीच झळाळी उतरली असेल, तर धुण्यात चूक होतेय. आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान धुण्यातच होतं.

रेशीम म्हणजे प्रथिन, केसांसारखंच. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. ती डागाबरोबर धागाही खातात. नेहमीच्या पावडरचं पाणी अल्कधर्मी असतं, त्यानं धागा निस्तेज आणि ठिसूळ होतो. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर रेशीम विरघळतं, ते थेंबभरही नको. शिवाय सुती कापड ओलं झालं की बळकट होतं, रेशीम उलट कमकुवत होतं. म्हणून ओलं रेशीम चोळू नका, ब्रश मारू नका, पिळू नका.

हातानं धुताना

गडद रंग असेल तर आधी एका कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का बघा. 10 लिटर गार किंवा कोमट पाणी घ्या, 30 अंशांपेक्षा गरम नको. त्यात रेशीम-लोकरीसाठीचं, एन्झाइम नसलेलं द्रव साबण दोन चहाचे चमचे पुरतं. कापड उलटं करून पाण्यात हलक्या हातानं खालीवर करा, 3 ते 5 मिनिटं. भिजत ठेवू नका. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. शेवटच्या पाण्यात 4 लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घातलं की उरलेला अल्कधर्मी अंश निघतो आणि कापड पुन्हा मऊ लागतं. मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळत घाला.

मशीनमध्ये धुवायचंच असेल तर कापड जाळीच्या पिशवीत घाला. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम लावा आणि पिळण्याचे फेरे मिनिटाला 400 ते 600 ठेवा. सोबत टॉवेल, जीन्स किंवा हुक-झिपचे कपडे नकोत. ड्रायर तर नाहीच.

इस्त्री कापड किंचित दमट असतानाच, उलट्या बाजूनं, सर्वांत कमी उष्णतेवर करा. वाळलेल्या रेशमावर पाणी शिंपडलं की थेंबांचे डाग उठतात. उठलेच तर पूर्ण कापड भिजवून पुन्हा वाळवा.

अभ्र्यावर फिकट ठिपके दिसले, तर तो मळ नसतो. मुरुमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइडच्या मलमानं रंग उडालेला असतो आणि तो परत येत नाही. असं मलम लावत असाल तर पांढरा अभ्रा वापरा. इतर मलमं आणि तेल मुरल्यावरच झोपा. दोन-तीन अभ्रे आलटून पालटून वापरा, चादर डोक्याकडून पायाकडे फिरवत राहा.

धागा ओढला गेला, कापड फाटलं

ओढलेला धागा कधीही कापू नका. कापला की तिथून भोक वाढतं. बारीक सुईनं तो वेढा उलट्या बाजूला काढा आणि आजूबाजूचं कापड दोन्ही हातांनी तिरकं, हळूच ताणा. बराचसा धागा विणीत परत जातो.

भोकाला मागून तेवढ्याच किंवा हलक्या वजनाच्या रेशमाचं ठिगळ लावा. त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाशी जुळवा आणि ते भोकाच्या चारही बाजूंना दीड सेंटिमीटर मोठं ठेवा. सुई सर्वांत बारीक, दोरा रेशमी. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा मजबूत असतो आणि ताण आला की कापडालाच कापतो.

ठिगळाआधी एक चाचणी जरूर करा. भोकाजवळचं कापड चिमटीत धरून हलकेच ओढा. ते कागदासारखं टरकलं, तर उन्हानं किंवा रसायनानं धागाच मेलाय. टाका तिथे टिकणार नाही. कडेचा चांगला भाग कापून त्याचे छोटे अभ्रे शिवा.

नवं घेताना वजन बघा. ते मॉमी या रेशमाच्या मापात लिहिलेलं असतं: 19 मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे 82 ग्रॅम, 22 मॉमी म्हणजे सुमारे 95 ग्रॅम. रोजच्या वापराच्या चादरीला आम्ही 22 सुचवतो.

ठेवताना कापड धुतलेलं आणि पूर्ण वाळलेलं हवं. घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर लवकर लागते. प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवी वापरा आणि दोन-तीन महिन्यांनी घड्या बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड चिरतं. आत रेशीम भरलेली दुलई मात्र पाण्यात घालू नका: भरण गोळा होतं. तिला खोळ घाला, खोळ धुवा आणि दुलई सावलीत दोन-तीन तास वाऱ्यावर टाका.