थीम पार्क की वॉटर पार्क? पहिली उन्हाळी सहल ठरवण्याआधी

एप्रिलच्या शेवटी धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, मुलांना खोपोलीला इमॅजिकाला न्यायचं म्हणतोय. पण तिकिटं काढायला बसले तर थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, बर्फाचं आणखी वेगळं. सगळं एकच नाही का ते?" घरात आठ वर्षांचा मुलगा, साडेचार वर्षांची मुलगी, नवरा-बायको आणि सासूबाई. येण्याजाण्यासकट दहा-बारा हजारांत बसवायचं होतं. मुलांची पहिलीच अशी सहल.

तिचा गोंधळ समजण्यासारखा आहे. आमच्या पिढीच्या डोक्यात या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या आहेत. मुंबईत गोराईला 1989 मध्ये पाळण्यांचं एस्सेलवर्ल्ड आलं आणि 1998 मध्ये त्याला लागूनच पाण्याचं वॉटर किंगडम. खाडी ओलांडायला बोट तीच, धक्का तोच, शाळेच्या सहली दोन्हींकडे. एस्सेलवर्ल्ड काही वर्षांपूर्वी बंद झालं, पण "एस्सेलवर्ल्डसारखं काहीतरी" हा शब्दप्रयोग मात्र राहिला. त्यात भर म्हणजे प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी. हैदराबादच्या किंवा बंगळुरूच्या वंडरलात एकाच तिकिटात जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोन्ही राइड्स येतात. इमॅजिकात मात्र थीम पार्क 2013 मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी आलं, आणि दोघांची दारं आणि तिकिटं वेगळी आहेत. हैदराबादला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचा सल्ला ऐकून खोपोलीचं तिकीट काढलं, तर दारात थांबून पुन्हा पाकीट उघडावं लागतं.

थीम पार्क म्हणजे नुसते पाळणे नव्हेत. पाळणे, चक्र, आदळणाऱ्या गाड्या असल्या की ते झालं अम्युझमेंट पार्क, म्हणजे आपल्या जत्रेचंच मोठं, पक्कं रूप. थीम पार्कमध्ये प्रत्येक राइडभोवती एक गोष्ट रचलेली असते आणि रांगेत उभं राहिल्यापासूनच ती सुरू होते. भिंती, दिवे, आवाज, कामगारांचे कपडे, सगळं त्या गोष्टीतलं. 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, तेव्हापासून ही कल्पना जगभर रुजली. इमॅजिकात अलिबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून हातातल्या बंदुकीने निशाणे टिपायचे असतात. राजासॉरसच्या राइडमध्ये बोटीतून डायनासोरांच्या मुलखात जायचं. (हा राजासॉरस कुणी कल्पनेतून काढलेला नाही. त्याचे जीवाश्म गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आणि 2003 मध्ये त्याला हे नाव मिळालं. जाण्याआधी मुलांना एवढं सांगून ठेवा, बोटीत बसल्यावर त्यांचे डोळे वेगळेच चमकतात.)

आणि इथेच अनेकजण फसतात: ही राइड थीम पार्कमध्ये आहे, पण तिथे भिजायला होतं. पाण्याची राइड आहे म्हणून ते वॉटर पार्क होत नाही. तुम्ही अंगावरच्या रोजच्या कपड्यांत, बूट-मोज्यांसकट भिजता आणि उरलेला दिवस तसेच फिरता. थीम पार्कला जातानाही पिशवीत एकेक कोरडा टीशर्ट आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी हवीच.

वॉटर पार्कमध्ये गोष्टीला फारसं महत्त्व नाही. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, संथ वाहणारा पाट, रेन डान्स, लहानग्यांसाठी गुडघाभर पाण्याचं तळं. लाटांचा तलाव कसा चालतो हे मुलं हमखास विचारतात. बऱ्याच ठिकाणी खोल बाजूच्या भिंतीमागे बंद खोल्या असतात. मोठे पंखे त्यांत हवा दाबतात, हवा पाण्याला ढकलते, मग दाब सोडतात आणि पुन्हा ढकलतात. त्या तालावर लाट उठून उथळ बाजूकडे येते. यंत्र सतत चालू नसतं. मध्ये पाणी शांत ठेवतात आणि लाटा सुरू होण्याआधी भोंगा किंवा घंटा वाजते. ती ऐकली की लहान मुलाचा दंड धरा. पाणी कमरेइतकंच असलं तरी लाट डोक्यावरून जाते.

आता पैशाकडे येऊ, कारण खरा फरक तिथे आहे. तिकिटाचे आकडे पाहून वॉटर पार्क स्वस्त वाटतं आणि सहसा असतंही. पण दोन्हीकडे पैसे गळतात ते वेगवेगळ्या छिद्रांतून.

आधी दोन्हीकडचा समान भाग. तिकिटावर जीएसटी असतो. 2018 च्या जानेवारीत तो 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ऑनलाइन दिसणारी किंमत करासकट आहे की कर सोडून, ते शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहा. समजा एका माणसाचं तिकीट 1000 रुपये आणि माणसं पाच, तर 5000 वर 900 रुपये कराचे, म्हणजे हिशेब 5900 चा. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे चालत नाही. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी आत नेऊ देतात. आम्ही निघतानाच दशम्या, दाण्याची चटणी आणि भाजी करून घेतो आणि गाडीतून उतरण्याआधी सगळ्यांना पोटभर खायला लावतो. आत मग एकदाच, दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर काहीतरी घ्यायचं. डबा खायला बाहेर जाऊन परत आत येता येतं का, हे दारातच विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी येता येत नाही.

वॉटर पार्कचं छिद्र म्हणजे कपडे आणि लॉकर. सुती कपड्यांना पाण्यात परवानगी नसते, आणि हा उगाच केलेला नियम नव्हे. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, रंग उतरतो, आणि भिजलेला सुती कुर्ता इतका जड होतो की घसरगुंडीवर तो अडकून अंग खरचटतं. म्हणून नायलॉन-लायक्राचेच कपडे लागतात. ते नसले तर तिथे भाड्याने घ्या, नाहीतर विकत. चार माणसांचे पोशाख, टॉवेल, लॉकर, लॉकरची अनामत रक्कम, सगळं धरलं तर एखाद्या तिकिटाएवढी रक्कम सहज होते. पोहण्याचे कपडे आठ दिवस आधी गावातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून घ्या. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे आणि पोटरीपर्यंत येणारे पोशाखही मिळतात. अंग झाकायचं असतं म्हणून काठावर बसून राहणाऱ्या कितीतरी वहिनी-काकू मी पाहिल्या आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दागिने घरीच ठेवा. एकदा चेंजिंग रूममध्ये माझ्या शेजारी एक बाई ओल्या हातांनी मंगळसूत्राचा फासा काढत होत्या. फासा सुटेना. लॉकरमध्ये ठेवायला त्यांचा जीव होईना, आणि गळ्यात ठेवून पाण्यात जाऊ देईनात. शेवटी त्या दिवसभर कोरड्याच राहिल्या. घरून निघतानाच काळ्या मण्यांची साधी पोत घातली असती, तर निदान लॉकरमध्ये ठेवताना जीव खालीवर झाला नसता.

थीम पार्कचं छिद्र वेगळं आहे, तिथे वेळ गळतो. मे महिन्यातल्या रविवारी मोठ्या राइडच्या रांगेत तास-दीड तास जाणं काही विशेष नाही. रांग टाळणारं महागडं तिकीट असतं, आणि कंटाळलेली मुलं पाहून ते घ्यायचा मोह होतो. रांगेतला तहानेचा, आइस्क्रीमचा खर्च वेगळा. म्हणजे तिकिटाची किंमत दिवसभरात झालेल्या राइड्सवर वाटली, तर शनिवार-रविवारी एकेक राइड दुप्पट महाग पडते. वॉटर पार्कमध्ये हे इतकं जाणवत नाही, कारण घसरगुंडीला रांग असली तरी लाटांच्या तलावाला रांग नसते. पोरं तासन्‌तास तिथेच रमतात.

त्याहून मोठा मुद्दा उंचीचा. तो मी नणंदेला तीनदा सांगितला. मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी वयावर नसतं, उंचीवर असतं. आणि राइडवर बसू द्यायचं की नाही तेही उंचीवरच. इमॅजिकातल्या नायट्रो या रोलर कोस्टरला डब्यात तळच नाही, पाय अधांतरी लोंबतात. उंची सुमारे 40 मीटर, वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर. अंग धरून ठेवायला खांद्यावरून येणारा कठडा मोठ्या माणसाच्या शरीराच्या मापाने केलेला असतो. लहान मूल त्यात सैल बसतं. मांडीवरून येणाऱ्या सामाईक दांडीचंही तेच. ती बाबांच्या मांडीला टेकली की तिथेच थांबते आणि शेजारच्या पोराच्या मांडीवर मोकळी जागा उरते. म्हणून "मी धरून बसते ना त्याला" हे तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

हे मी अनुभवातून सांगते. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही अशाच एका पार्कात गेलो होतो. राइडच्या दारात रंगीत पट्ट्यांची फळी होती. त्याने बूट काढले, टाचा जुळवून उभा राहिला, मान जमेल तितकी ताणली. फळीवरची रेघ त्याच्या केसांवर दोन बोटं राहिली. रखवालदार मुलगा वाकून त्याला "पुढच्या वर्षी ये हं" म्हणाला. आमचा मुलगा रडला नाही. बूट घालताना नाडीकडे बघत राहिला, बस. चाळीस मिनिटं रांगेत काढली होती त्याने. चूक आमची होती. घरी मोजपट्टी होती आणि प्रत्येक राइडची उंचीची अट वेबसाइटवर लिहिलेली होती. आम्ही वाचली नव्हती.

वॉटर पार्कमध्येही उंच घसरगुंड्यांना अट असते. पण ज्याला मोठी घसरगुंडी मिळत नाही त्याच्यासाठी पाण्यातच दुसरं भरपूर असतं. थीम पार्कमध्ये साडेचार वर्षांच्या मुलीला गोल फिरणारे घोडे आणि तिच्या वयाला जमतील अशा चार-दोन राइड्स. बाकीच्या वेळी ती आईच्या कडेवर, दादाच्या राइडखाली.

आजीचं काय? इथे मात्र तराजू उलटा झुकतो. थीम पार्कमध्ये आजी खुश असते. बंद, थंड हॉलमधले खेळ, संध्याकाळची मिरवणूक, सावलीत बसून माणसं पाहणं, आणि अंगावर नेहमीची साडी. वॉटर पार्कमध्ये ओल्या फरशीवर तिचा पाय घसरायची भीती, आणि दिवसभर सगळ्यांच्या चपला-मोबाइल सांभाळायचं काम तिच्याच गळ्यात पडतं. तिला न्यायचंच असेल तर संथ पाटाच्या काठाला सावलीची जागा आहे का, आणि पाण्यात न उतरणाऱ्यासाठी किंवा ज्येष्ठांसाठी वेगळं तिकीट आहे का, ते आधी विचारा.

ऊन हाही दोन्हींतला मोठा फरक. खोपोली घाटाच्या पायथ्याला आहे. मे महिन्यात तिथे दमट उकाडा असतो. थीम पार्कला जायचं तर दार उघडताच उघड्यावरच्या राइड्स उरकायच्या, बारा ते चार थंड हॉलमधल्या, आणि ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. वॉटर पार्कमध्ये ऊन लागतंय हे कळतच नाही, कारण अंग गार असतं. रात्री खांदे आणि नाक भाजल्यासारखे लाल. मुलांना पाणी प्यायची आठवणही तिथेच जास्त करून द्यावी लागते.

दोन्हींचं एकत्र तिकीट स्वस्त दिसतं, पण दोन्ही एकाच दिवसात उरकायचं असेल तर पहिल्या खेपेला ते घेऊ नका. सकाळी लाटांत दमलेली मुलं संध्याकाळी रांगेत उभी राहत नाहीत. अर्धं थीम पार्क तसंच राहतं आणि पैसे मात्र पूर्ण गेलेले असतात. मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी, पण मग हॉटेलचा खर्च धरा.

माझं मत विचाराल तर: घरात चार फुटांखालचं मूल असेल, महिना मे असेल आणि पैसे मोजके असतील, तर पहिली सहल वॉटर पार्कची करा, आणि तीही आठवड्याच्या मधल्या वारी. त्यासाठी खोपोलीच गाठायला हवं असंही नाही. पुणेकरांना लोणावळ्याचं वेट एन जॉय किंवा सिंहगडाच्या पायथ्याचं कृष्णाई जवळ आहे, नाशिक-नगरकडच्यांना शिर्डीचं. शिर्डीला साईबाबांचं दर्शनही होतं, म्हणजे आजीची सहलही साधते. थीम पार्क थंडीसाठी ठेवा, तेव्हा दिवसभर पायी फिरणं सुसह्य असतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची तारीख मात्र दोन्हींसाठी जपून धरा. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स आणि पाणी, दोन्ही बंद ठेवतात, आणि पावसासाठी पैसे परत मिळतीलच असं नाही. तिकीट काढण्याआधी त्याच्या अटींत ही एक ओळ शोधा.

नणंदेने शेवटी मंगळवार निवडला. सासूबाई त्या दिवशी आमच्याकडे राहिल्या, त्यांनाच उन्हात जायचं नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री तिने दोन्ही मुलांना अनवाणी भिंतीला उभं करून मोजलं. मुलगा 128 सेंटिमीटर, मुलगी 104. आकडे मला पाठवले आणि खाली विचारलं, "वहिनी, डिसेंबरपर्यंत हा किती वाढेल गं?"