विषारी मातीत जगणारे जिवाणू

कीटकनाशकाचा रेणू कितीही किचकट असला, तरी तो तोडता येतो. मातीतले काही जिवाणू तो तोडून त्यातल्या कार्बनवर जगतातसुद्धा. कॅडमियम, शिसं किंवा पारा यांच्या बाबतीत ही सोय नाही. ती मूलद्रव्यं आहेत. कोणत्याही विकराने (एन्झाइमने) त्यांचे तुकडे होत नाहीत. तरीही जुन्या खाणींच्या आणि धातू गाळणाऱ्या कारखान्यांच्या आसपास, जिथे गवतही धड उगवत नाही, तिथल्या मातीत जिवाणू सापडतात.

मुळात ही विषं पेशीत शिरतात कशी? बहुतेकदा दुसऱ्याच्या नावावर. आर्सेनेटची रचना फॉस्फेटसारखी, क्रोमेटची सल्फेटसारखी, तर कॅडमियम जस्त आणि मँगनीजच्या वाटेने आत येतं. (आर्सेनिक खरं तर उपधातू, पण विषारीपणामुळे त्याला याच पंक्तीत बसवतात.) फॉस्फेट, जस्त हे तर जिवाणूला हवेच असतात, त्यामुळे दार कायमचं बंद करता येत नाही.

म्हणून आत आलेलं बाहेर फेकायचं, हा सर्वात रूढ मार्ग. यातला नामांकित जिवाणू म्हणजे ‘कुप्रियाविडस मेटॅलिड्युरन्स’. त्याचा प्रसिद्ध वाण १९७६ साली बेल्जियममधल्या एका जस्ताच्या कारखान्यातल्या गाळाच्या टाकीत सापडला. त्याच्याकडे प्रथिनांचा एक पंप आहे. जस्त, कोबाल्ट आणि कॅडमियम हा पंप पेशीच्या दोन्ही पटलांपलीकडे, थेट बाहेर सोडतो. हे काम फुकट होत नाही. त्यासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्च करावी लागते. ऑस्ट्रेलियात सोन्याच्या नैसर्गिक कणांवरही याच जातीचे जिवाणू आढळले आहेत. सोन्याचे विरघळलेले आयन त्यांना विषारी असतात, आणि ते निष्प्रभ करताना हे जिवाणू धातुरूप सोन्याचे सूक्ष्म कण तयार करतात. या गोष्टीचा गाजावाजा फार झाला. मला मात्र पाऱ्याची यंत्रणा अधिक देखणी वाटते.

पारा आला नसेल, तेव्हा एक प्रथिन पारा-विरोधी जनुकांना बंद ठेवतं. पाऱ्याचा आयन त्या प्रथिनाला चिकटला, की तेच जनुकं चालू करतं. मग काही जिवाणूंमध्ये एक विकर मिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगातला कार्बन आणि पारा यांच्यातला बंध तोडतं, आणि दुसरं विकर सुट्या झालेल्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊन साधा पारा बनवतं. हा पारा सहज वाफ होऊन उडून जातो. जिवाणूची सुटका झाली. पारा मात्र जमिनीतून हवेत गेला, एवढंच. याच संवेदनशील प्रथिनाला प्रकाश देणाऱ्या जनुकांची जोड देऊन संशोधकांनी पारा ओळखणारे जिवाणू घडवले आहेत. नमुन्यात एकूण पारा किती, यापेक्षा सजीवांच्या पेशीत शिरू शकेल असा किती, हे ते सांगतात. धोका ठरवताना हा दुसरा आकडा जास्त कामाचा.

माती सुधारण्यासाठी जिवाणू वापरायचे, तर धातूचं रूप बदलण्यावरच भिस्त ठेवावी लागते. क्रोमियममध्ये हे छान जमतं: सहा संयुजेचं क्रोमियम विषारी आणि पाण्याबरोबर वाहणारं, तर काही जिवाणू त्याचं तीन संयुजेचं रूप करतात, जे कमी विषारी असून मातीत रुतून बसतं. शिसं फॉस्फेटच्या रूपात बांधून ठेवता येतं. पण धातू जागेवरच राहतो. मातीची आम्लता किंवा प्राणवायूचं प्रमाण पुरेसं बदललं, तर बांधलेला धातू पुन्हा सुटू शकतो. त्यामुळे ‘जिवाणूंनी जमीन शुद्ध केली’ असं कोणी म्हटलं, तर धातू शेवटी गेला कुठे, हे विचारावं.

आणखी एक गुंतागुंत आहे. धातू सोसण्याची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर. त्याच वर्तुळावर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही असू शकतात. अशा वेळी तांब्याने दूषित मातीत तांबं सोसणारे जिवाणू टिकतात आणि प्रतिजैविकांचा प्रतिकारही त्यांच्याबरोबर टिकतो, मग तिथे प्रतिजैविकाचा थेंबही पडलेला नसला तरी. अनेक प्रतिजैविकं कालांतराने विघटित होतात. तांबं होत नाही.