रीइश्यू आणि रिमिक्स: जुनं गाणं दोन वाटांनी परत येतं

घणसोलीत, दिवाळे गावात किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात हळद असली की जुनी कोळीगीतं वाजतातच, पण नव्या ठेक्यावर. बेस वाढवलेला, मध्येच डीजेच्या नावाचा पुकारा आणि मूळ गायिकेचा आवाज जेमतेम दोन ओळी. हे रिमिक्स. देशोदेशीचं संगीत काढणारं एखादं छोटं स्वतंत्र लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, वर्धापनदिनाला डीजे नाईट ठेवतं, तिथेही गाणी जुनीच असतात आणि लोक नाचतातही. त्यामुळे दोन्ही एकच प्रकार वाटतो. पण अशा रात्री डीजेच्या पेटीतून निघतात त्यांतल्या बऱ्याच तबकड्या रीइश्यू असतात, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणच पुन्हा बाजारात आणलेलं.

मैफल न ठेवता डीजे का बोलवायचा, याला साधं कारण आहे. लेबलचे कलाकार चार देशांत विखुरलेले, काही तर हयातही नाहीत. त्यांची ध्वनिमुद्रणं मात्र एका पेटीत मावतात.

फरक सगळ्यात आधी लयीत कळतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यात ढोल माणूस वाजवत असतो. कोरस आला की लय किंचित चढते, कडव्यात पुन्हा खाली बसते. अशा दोन तबकड्या जुळवताना डीजे एका कानाला हेडफोन लावतो, दुसरा कान हॉलकडे ठेवतो आणि फिरत्या तबकडीच्या कडेला बोट टेकवून तिला हलकेच मागे ओढतो. नजर हटली की ठेके एकमेकांवर आदळतात. रिमिक्समध्ये हे काम आधीच उरकलेलं असतं. संगणकावर प्रत्येक ठोका सरळ रेषेत बसवलेला, म्हणून पुढचं गाणं सहज जोडता येतं. नाचायला ते सोयीचं आहे, यात वाद नाही. पण लयीचं ते चढणं-उतरणं म्हणजे वाजवणाऱ्याचा हात आहे आणि तोच पुसला जातो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

रीइश्यूमागे खरे कष्ट शोधाचे. २००२ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेलं साउंडवे किंवा फ्रँकफर्टचं अ‍ॅनालॉग आफ्रिका ही अशी लेबलं. अ‍ॅनालॉग आफ्रिकाचे सामी बेन रजब आफ्रिकेतल्या शहरांत जाऊन जुने वादक शोधतात, हक्क विकत घेतात, मुलाखती घेतात आणि त्या तबकडीसोबतच्या पुस्तिकेत छापतात. मूळ टेप हरवली असेल तर त्यातल्या त्यात चांगली तबकडी मिळवून तिच्यावरून आवाज उतरवतात, खरखर कमी करतात. याला रीमास्टर म्हणतात. त्यात नवं वाद्य घालत नाहीत की ठेका बदलत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या चरणजित सिंग यांचं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर, टीआर-८०८ या ठेका देणाऱ्या आणि टीबी-३०३ या बेसच्या यंत्राच्या साथीने दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यांच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती पुन्हा काढली. शिकागोत नंतर घडलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताशी, म्हणजे अ‍ॅसिड हाउसशी तिचं साम्य ऐकून जगभरचे डीजे चकित झाले. २०१५ मध्ये निधन होण्याआधी सिंग यांना परदेशात वाजवण्याची निमंत्रणं आली. ध्वनिमुद्रण होतं तसं आणि नावासकट परत आलं, म्हणून हे झालं.

कायद्याचं थोडक्यात. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरून रिमिक्स करायचं तर त्याच्या मालकाची परवानगी लागते आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे. रीइश्यूलाही परवानगी लागतेच. तेच गाणं नव्याने गाऊन घ्यायचं असेल तर पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपून पाच वर्षं उलटल्यावर, सूचना देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून तसं करता येतं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो.

आगरी-कोळी गाण्यांची रिमिक्स आपल्या कानावर रोज पडतात. नीट पुस्तिकेसह, वादकांच्या नावांसह काढलेला रीइश्यू माझ्या तरी पाहण्यात नाही. हळदीला धवला म्हणजे लग्नविधीची गाणी गाणाऱ्या बायकांचे, धवलारणींचे, आवाज जुन्या कॅसेटवर असतील तर त्या कॅसेट आधी शोधायला हव्यात. घरात अशी कॅसेट सापडली तर लगेच टेपमध्ये घालू नका. आधी वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बुरशी दिसते का पाहा आणि फीत सैल झाली असेल तर पेन्सिलीने हळूच गुंडाळून घ्या. कोरसमध्ये कोण होतं, सनई कोणी वाजवली, बेंजोवर कोण होतं, हे वेष्टनावर सहसा नसतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. उद्या एखाद्या लेबलला ती कॅसेट काढायची झाली तर हक्क आणि मोबदल्यासाठी हीच नावं लागतील.