डबा नातवाचा, गरज आजीची

1865 च्या ऑगस्टमध्ये झुरिकचे दोन प्राध्यापक आल्प्समधल्या फाउलहॉर्न नावाच्या डोंगरावर चढले. आडोल्फ फिक शरीरक्रियाशास्त्राचे, योहानेस विस्लिसेनुस रसायनशास्त्राचे. चढ 1956 मीटरचा होता. आदल्या दुपारपासून दोघांनी प्रथिनं असलेलं सगळं खाणं बंद ठेवलं होतं. चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या आणि साखर घातलेला चहा, एवढ्याच शिदोरीवर ते निघाले आणि सगळा वेळ आपापली लघवी जमा करत राहिले. प्रथिनांमधला नायट्रोजन शेवटी मुख्यतः युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. तो मोजला की शरीरानं किती प्रथिनं खर्ची घातली हे कळतं.

त्या काळी जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या शब्दाला मोठं वजन होतं आणि त्यांचं मत असं, की स्नायू स्वतःतली प्रथिनं जाळूनच काम करतात. पुढच्या वर्षी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रथिनं प्रत्यक्ष जाळून त्यातून किती उष्णता निघते ते मोजलं आणि लीबिग यांचं गणित कोसळलं. फिक आणि विस्लिसेनुस यांच्या शरीरात जेवढी प्रथिनं खर्च झाली होती, तेवढ्या ऊर्जेत तो डोंगर चढून होणंच शक्य नव्हतं. त्यांना वर नेलं होतं ते पिष्टमय पदार्थांनी आणि चरबीनं.

दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी घराघरांत अजून लीबिगच बोलतात. मुलगा फुटबॉल खेळायला लागला, आई पळायला जाऊ लागली, की पहिला प्रश्न येतो तो प्रोटीन पावडरच्या डब्याचा. खरं तर जास्त हालचाल म्हणजे आधी जास्त ऊर्जा, म्हणजे चार घास जास्त. प्रथिनांची गरज वाढते, नाही असं नाही, पण ती वाढते दुरुस्तीसाठी आणि नव्या बांधणीसाठी. आणि जेवण वाढलं की त्यासोबत प्रथिनंही आपोआप वाढतात, हे बहुतेकजण हिशेबात धरतच नाहीत.

हिशेब करूनच पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. नियमित, जोरकस व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातले तज्ज्ञ 1.2 ते 2 ग्रॅम सुचवतात. चार ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकी शिफारस 0.95 ग्रॅमची आहे. आता 35 किलोचा खेळकर मुलगा घ्या. त्याला लागतात साधारण 33 ग्रॅम. दोन मोठे पेले दूध म्हणजे 16 ग्रॅम, एक अंडं म्हणजे 6. उरलेले 11 ग्रॅम धान्य आणि डाळींतून दुपारच्या जेवणापर्यंतच येऊन जातात. मैदानावरच्या धावपळीसाठी आणखी थोडे धरले, तरी रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे. त्याला शेक पाजला तर बिघडेल काय? एकच गोष्ट: प्रथिनांनी पोट लवकर भरतं, आणि ज्याला खरोखर ऊर्जेची गरज आहे तो मुलगा जेवताना अर्ध्यातच उठेल.

वजनं उचलणाऱ्या 80 किलोच्या काकांचं गणित वेगळं. 1.6 ग्रॅमच्या दरानं त्यांना 128 ग्रॅम लागतात आणि एवढं फक्त ताटातून आणायचं तर जेवणाकडे नीट लक्ष द्यावं लागतं. इथे डब्याला काम आहे. पण किती? 2018 मध्ये 49 प्रयोग आणि 1863 माणसांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. वजनाच्या व्यायामासोबत जास्तीची प्रथिनं घेतली तर चरबी सोडून असलेलं वजन सरासरी 0.3 किलोनं अधिक वाढलं. म्हणजे जवळजवळ सगळं श्रेय व्यायामाचं, प्रथिनांचा वाटा वर थोडासा. आणि साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे आणखी फायदा दिसेना. शरीरात चरबीसारखं प्रथिनांचं कोठार नसतं. जास्तीची प्रथिनं यकृत मोडतं, नायट्रोजन युरिया करून काढून टाकतं आणि उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा साठतो.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत शेक घ्यायची घाईही आता सोडायला हरकत नाही. 2023 मधल्या एका प्रयोगात व्यायामानंतर एकदम 100 ग्रॅम दुधातली प्रथिनं दिली, तर शरीर बारा तासांहून अधिक काळ ती वापरत राहिलं. बस चुकली म्हणून स्नायू रुसत नाहीत.

मग या सगळ्या कुटुंबात पावडरची सर्वांत जास्त गरज कुणाला? माझ्या मते आजीला, आणि तिला तर कुणी विचारतही नाही.

वय वाढलं की स्नायू प्रथिनांच्या हाकेला ओ देण्यात कुचराई करतात. प्रथिनं ज्या लहान घटकांची बनतात त्यांना अमायनो आम्लं म्हणतात. त्यांपैकी ल्युसिन नावाचं आम्ल रक्तात पुरेसं वाढलं की स्नायूंच्या पेशींत बांधणीची यंत्रणा सुरू होते. तरुणपणी ती थोडक्यात जागी होते, म्हातारपणी तिला जास्त मात्रा लागते. 2015 मध्ये पुरुषांवरच्या प्रयोगांच्या तुलनेतून असं दिसलं, की ही बांधणी कमाल वेगानं व्हायला तरुणांना एका वेळच्या खाण्यात किलोमागे सुमारे 0.24 ग्रॅम प्रथिनं पुरतात, तर वयस्करांना 0.40 ग्रॅम. 60 किलोच्या माणसासाठी हा फरक 14 आणि 24 ग्रॅमचा झाला. वृद्धांना दिवसाकाठी किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं 2013 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं सुचवलं ते यामुळेच.

आणि नेमकी याच वयात भूक मंदावते, दात साथ देत नाहीत, एकटीसाठी काय करत बसायचं म्हणून चहा-बिस्किटावर वेळ मारून नेली जाते. सकाळच्या खाण्यात 24 ग्रॅम आणायचे तर चार अंडी किंवा तीन मोठे पेले दूध लागेल. एवढं कोण खाणार? अशा वेळी डब्यातल्या मापाच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा पावडर खरोखर उपयोगी पडते.

हा चमचा येतो कुठून? दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन आणि 20 टक्के व्हे. चीज करताना केसिनचा गोळा होतो आणि व्हे पाण्यासोबत निघून जातं. 10 लिटर दुधामागे सुमारे 1 किलो चीज आणि 9 लिटर पाणी. हे पाणी पूर्वी डुकरांना पाजत किंवा नदीत सोडून देत. नंतर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून गाळून त्यातली प्रथिनं वेगळी काढता येऊ लागली. गाळलेलं द्रव गरम हवेत फवारून वाळवलं की पावडर तयार. एक लिटर दुधात व्हे साधारण 6 ते 7 ग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम प्रथिनांच्या एका मापात जवळपास 4 लिटर दुधातलं व्हे आलं. त्यात जादू काही नाही, आहे ते अन्नच. ज्यांना दुधातली साखर बाधते त्यांनी कॉन्सन्ट्रेट या साध्या व्हे पावडरऐवजी आयसोलेट ही अधिक शुद्ध केलेली घ्यावी, त्यात लॅक्टोज नावापुरतं असतं. सोया किंवा वाटाण्याची पावडरही चालते, फक्त वाटाण्यात मिथिओनिन हे अमायनो आम्ल कमी असल्यानं सोबत धान्य हवं. ते जेवणात असतंच.

डबा घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. तो आकडा 6.25 नं गुणला की प्रथिनं किती ते निघतं, आणि आजही हीच रीत सर्रास वापरली जाते. तिच्यात चोरवाट आहे: नायट्रोजन कुठून आला हे ती विचारत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं गेलं ते याच चोरवाटेनं. त्यात सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. पावडरमध्ये असलं विष सहसा नसतं, पण ग्लायसिन किंवा टॉरिनसारखे स्वस्त घटक टाकून आकडा फुगवण्याचे प्रकार झाले आहेत. घटकांच्या यादीत ही नावं स्वतंत्रपणे दिसली तर डबा परत ठेवावा. 25 ग्रॅम व्हे प्रथिनांमागे सुमारे अडीच ग्रॅम ल्युसिन दाखवलेलं असेल तर हिशेब बरोबर आहे.

आजीसाठी बिनचवीची पावडर बरी. ती उकळत्या दुधात टाकली की गुठळ्या होतात, कारण साधारण 70 अंशांच्या पुढे व्हेमधल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांना चिकटतात. पोषण त्यानं कमी होत नाही, पण गुठळ्या पाहून आजी पेला बाजूला सारते. आधी थोड्या गार दुधात पातळ पेस्ट करावी आणि कोमट झालेल्या खिरीत किंवा लापशीत ढवळावी. निम्मं माप सकाळी आणि निम्मं दुपारी देण्यापेक्षा पूर्ण माप एकाच खाण्यात द्यावं. स्नायूंना जाग येण्याइतकी मात्रा एकदम मिळायला हवी. आणि नुसती पावडर देऊन भागत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, इतका तरी भार पायांवर पडायला हवा.

मूत्रपिंडं निरोगी असतील तर एवढ्या प्रथिनांनी ती बिघडल्याचा पुरावा नाही. पण ती आधीच कमकुवत असतील तर प्रथिनं उलट कमी करावी लागू शकतात, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वयस्कर माणसांत हे दुखणं बराच काळ काही न जाणवता चालू असतं. तेव्हा डबा फोडण्याआधी आजीची क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते सांगणारी रक्ततपासणी करून घ्यावी आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.