विशेष गरजा असलेल्या मुलाची शाळा: कागद कुठे लागतो, अर्ज कुठे अडतो

‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू.’ जूनमध्ये शाळेच्या ऑफिसच्या खिडकीवर एवढं ऐकून परत गेलेले आईबाप मी इतके पाहिलेत की सुरुवात तिथूनच करते. घराजवळच्या शाळेत मुलाचं नाव घालायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेता येत नाही. कलम 14 म्हणतं, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुरू होऊन दिवस उलटले असले तरी कलम 15 आहेच, उशीर झाला म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतं.

‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत, तुम्ही विशेष शाळेतच घाला’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. 6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क याच 2016 च्या अधिनियमाचं कलम 31 देतं. पसंती मुलाची आणि पालकांची. शाळेच्या ऑफिसची नव्हे.

नकार मिळाला तर भांडत बसू नका, तो लेखी मागा. बहुतेक ठिकाणी तिथेच सूर बदलतो. तरीही अडलंच, तर साध्या कागदावर अर्ज करून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तोंडी तक्रारीला आपल्याकडे काही किंमत नाही. पुढची पायरी पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त.

मग प्रमाणपत्र लागतं कशाला?

चार कामांना: शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळेत असलेल्या 25 टक्के राखीव जागेसाठी, शाळेतून मिळणाऱ्या भत्त्यांसाठी, विशेष शाळेतल्या प्रवेशासाठी आणि दहावी-बारावीच्या सवलतींसाठी. म्हणजे प्रवेशाचं काम वेगळं आणि प्रमाणपत्राचं वेगळं. दोन्ही एकाच वेळी सुरू करा. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मूल घरी बसवून ठेवलं की वर्ष फुकट जातं.

सर्वांत जास्त नकार येतात ते चुकीच्या कागदामुळे. पालक जाड फाइल घेऊन येतात. त्यात खाजगी मानसोपचारतज्ज्ञांचा रिपोर्ट, थेरपी सेंटरचं पत्र, एमआरआय, सगळं असतं आणि त्यावर दहा-पंधरा हजार खर्चही झालेला असतो. अर्ज भरताना यातलं एकही पान चालत नाही. चालतं ते यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या अधिकृत मंडळाने दिलेलं प्रमाणपत्र. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्रं याच पोर्टलवरून द्यायची असा नियम आहे. खाजगी रिपोर्ट फेकू मात्र नका, तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना ते उपयोगी पडतात.

अर्जाला शुल्क नाही. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढं पुरतं. खरी मेख नावात असते. आधारवर मुलाचं नाव एका स्पेलिंगचं, जन्मदाखल्यावर दुसऱ्या, आणि शाळेच्या रजिस्टरला तिसऱ्याच. आज यूडीआयडी आधारप्रमाणे निघेल आणि दहा वर्षांनी दहावीच्या फॉर्मवर ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येईल. आधी आधार दुरुस्त करा, मग पोर्टल उघडा. रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातलं निवडा किंवा जिथे मुलावर उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालय निवडा. सायबर कॅफेवाल्याने यादीतलं पहिलं नाव टिचकीसरशी निवडलं आणि सोलापूरच्या मुलाचा अर्ज भलत्याच जिल्ह्यात महिनोन्‌महिने पडून राहिला, असं झालेलं आहे.

ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाला निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, आधी ती एक महिन्याची होती. याचा सरळ अर्थ, फेब्रुवारीत जाग आली तर त्या हंगामाचे 25 टक्क्यांचे अर्ज गेले. अर्ज केला आणि तपासणीला गेलोच नाही, तर दोन वर्षांनी तो आपोआप बाद होतो. यूडीआयडी कार्डाचे रंगही आता दिव्यांगत्वाच्या टक्क्यांवर आहेत: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि त्यावर निळं. पांढरं कार्ड मिळाल्यावर ‘मिळालं एकदाचं’ म्हणून पेढे आणणारे पालक मी पाहिलेत. त्या कार्डावर 25 टक्क्यांतली जागा मिळत नाही, हे त्यांना सांगणं जिवावर येतं. टक्के कमी दिलेत असं वाटलं तर 90 दिवसांत अपील करता येतं. ही मुदत निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. कार्ड पोस्टाने घरी कधी आलं याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि वैधतेची ओळ वाचा. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचं कायम प्रमाणपत्र देत नाहीत. ‘विकासात्मक विलंब’ असं लिहिलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. तिसऱ्या वर्षी काढलेला कागद पहिलीच्या अर्जाला जोडला आणि त्याची मुदत डिसेंबरातच संपलेली होती, ही दरवर्षीची गोष्ट.

अध्ययन अक्षमता: वयाचं कुलूप

वाचन-लेखन-गणितात अडकणाऱ्या, बाकी तल्लख मुलांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही. मूल तिसरीत असताना शिक्षकांनी त्याची अडचण टिपायची, मुख्याध्यापकांनी पत्र द्यायचं, मग रुग्णालयात आधी डोळे आणि कान तपासायचे, त्यानंतर बुद्ध्यांक आणि शेवटी वाचन-लेखनाची चाचणी. एका फेरीत हे होत नाही. मुंबईत सायन, नायर, केईएम आणि पुण्यात ससून या रुग्णालयांकडे लोकांचा ओढा असल्याने तारखा लांबच्या मिळतात. म्हणून सहा वर्षांच्या मुलाला ‘डिस्लेक्सिया आहे’ म्हणून पहिलीच्या राखीव जागेचा अर्ज भरू नका. तो कागद या वयात अस्तित्वातच नसतो.

हे प्रमाणपत्र 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा घ्यावं लागतं. दहावीला बसणारं मूल साधारण पंधरा वर्षांचं असतं, म्हणजे चौथीत घेतलेल्या कागदाची मुदत नेमकी बोर्डाच्या तोंडावर संपते.

तपासणीला जाताना मुलाची चालू वही न्या, जशी आहे तशी. एक आई मुलाकडून आठवडाभर रात्री बसून नवी वही लिहून घेऊन गेली होती. कव्हर घातलेली, एकेक अक्षर रेघेवर. ‘डॉक्टरांसमोर बरी दिसायला हवी ना,’ म्हणाली. जुन्या वहीत तो ‘बदक’ लिहिताना ‘दबक’ लिहीत होता आणि जोडाक्षर आलं की तिथे कोरी जागा सोडत होता. डॉक्टरांना तीच वही हवी होती. गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, तपासलेले पेपर आणि वर्गशिक्षकांचं सविस्तर पत्रही बरोबर ठेवा. ‘विद्यार्थी अभ्यासात कच्चा आहे’ या एका ओळीचा काही उपयोग नाही. काय वाचता येतं, काय येत नाही, तोंडी विचारल्यावर किती सांगतो, असं लिहून घ्या.

आता एक कटू गोष्ट. बुद्ध्यांक 70 च्या वर आणि 85 च्या खाली आला, तर मूल ना बौद्धिक अक्षमतेत बसतं ना अध्ययन अक्षमतेत. अशा मुलाला कुठल्याही रांगेत प्रमाणपत्र मिळत नाही. 2016 च्या अधिनियमातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत त्याला नाव नाही. या पालकांना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पाठवत राहणं हा शुद्ध छळ आहे. त्यांनी शाळेतच जादा मदत मागावी आणि पुढे 14 वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, एनआयओएसचा विचार करावा. तिथे दहावीच्या पातळीवर पाच विषय घेऊन पाच वर्षांत मिळणाऱ्या नऊ संधींमध्ये थोडे थोडे विषय सोडवता येतात. कित्येकांना तो कमीपणा वाटतो, पण मला तरी त्यात कमी असं काही दिसत नाही.

25 टक्क्यांचा अर्ज

2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकं शिक्षणहक्क कायद्याच्या वंचित घटकात आली. त्यामुळे त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तरी पालक तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून तो आणतात आणि त्या नादात खरी मुदत घालवतात. लागतं ते 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, रहिवासी पुरावा. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. कमाल वयाचा तक्ता दरवर्षी जाहिरातीबरोबर येतो, तोही बघा. थेरपीसाठी वर्ष-दोन वर्षं मागे ठेवलेली मुलं नेमकी याच ओळीवर बाद होतात.

तारखेची गफलत अशी: ‘कागदपत्रं पडताळणीच्या वेळी दाखवायची’ हे वाचून लोक समजतात की तोवर काढली तरी चालेल. चालत नाही. कागदावरची तारीख अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आतली हवी. भाडेकरार नोंदणीकृतच लागतो, घरमालकाने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेला नव्हे. नकाशावर घराचा ठिपका नेमका लावा. कॅफेत बसून भरलेल्या अर्जात ठिपका कॅफेवरच राहतो आणि अंतर चुकतं. दहापर्यंत शाळा निवडता येतात. एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही जातात.

सोडतीत नाव आलं की आधी पडताळणी समितीकडे जायचं, थेट शाळेत नाही. 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना या जागांतून सूट देणारा नियम आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच जुलैत रद्द केला. कोणी अजून तो नियम सांगून परत पाठवत असेल तर हे सांगा.

शाळेत नाव लागल्यावर

मुख्याध्यापकांना एकच विचारा: यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, माझ्या मुलाची नोंद ‘विशेष गरजा’ या रकान्यात झाली का? ही नोंद नसेल तर प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, साहित्य, यातलं काहीही मिळायचं नाही. कारण वरच्या कार्यालयाच्या हिशेबात तुमचं मूल नाहीच. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं ठेवा. तीव्र किंवा बहुविकलांग मूल शाळेत रोज जाऊ शकत नसेल, तर गृहाधारित शिक्षण मागता येतं. त्याचं नाव तरीही शाळेच्या पटावर असायला हवं. विशेष शाळा हवी असेल तर ती शिक्षण विभागाखाली येत नाही, डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र असलेल्या दिव्यांग कल्याण विभागाखाली येते. शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन विचारलं तर ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर खरंच बरोबर असतं.

दहावी-बारावीच्या सवलती

16 ऑक्टोबर 2018 च्या शासन निर्णयाने सर्व 21 प्रकारांतल्या विद्यार्थ्यांना सवलती दिल्या आहेत. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, आकृत्या-नकाशांतून सूट, भाषा किंवा गणिताऐवजी पर्यायी विषय अशा त्या आहेत. कुठल्या मुलाला यातलं काय, ते प्रकारानुसार ठरतं. अर्ज पालकाने मंडळात न्यायचा नसतो, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि मंजुरीचं पत्र शाळेतच येतं. ते कपाटात पडून राहिल्याचंही पाहिलं आहे, म्हणून प्रत मागून घ्या.

नववीच्या सुरुवातीला हे काम हाती घ्या. विषय बदलायचा असेल तर दहावीत फार उशीर झालेला असतो, कारण नववीची पुस्तकं आणि वर्ग जुन्याच विषयाचे होऊन गेलेले असतात.

लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. दहावीच्या मुलाला नववीचा किंवा त्याखालचा चालतो, बारावी झालेला चुलतभाऊ नाही. आणि त्याच्याबरोबर परीक्षेआधी महिनाभर तरी सराव करा. सांगणाऱ्याला विरामचिन्हांसकट सांगायची सवय नसते आणि लिहिणाऱ्याला थांबायची. दुसरा एक लेखनिकही ठरवून ठेवा, त्याच्या शाळेचं पत्र काढून ठेवा आणि केंद्रसंचालकांना आधीच सांगून ठेवा. पेपरच्या सकाळी आठ वाजता लेखनिकाला ताप आल्याचा फोन येतो, आणि अकराच्या पेपराला नववीतलं मूल शोधत फिरणारा बाप दरवर्षी कुठल्या ना कुठल्या केंद्राबाहेर दिसतोच.